ट्यूबवर बसून केलेली वाटणी

मी, भागीरथा दसरू दिघोरे, वय अंदाजे बावन्न (जन्मतारीख गुरुजींनी माझ्याकडे पाहून टाकलेली), धंदा मासोळी विकणे, राहणार मौजा बोडीटोला, तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर, स्वखुशीने लिहून ठेवते की माझे डोके शाबूत आहे. जे शाबूत नाही ते पुढे येईल. मला कोणी दारू पाजलेली नाही की धमकावलेले नाही. धमकावण्याची हिंमत एकट्या माझ्या नवऱ्यात होती आणि तो सहा वर्षांपूर्वी वारला. यातले कायद्याचे शब्द मूलचे वकील वामनराव यांचे, बाकीचे माझे. माझे खोडावेत असे त्यांनी पुन्हा पुन्हा सुचवून पाहिले.

कलम १. रोगाबाबत. मला योनिमुखाचा कर्करोग झाला. हा फार थोड्या बायकांना होतो, असे नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा माझी कशात तरी निवड झाली. गावात मात्र माझा दीर खुशाल याने पोटाचा अल्सर म्हणून सांगितले, कारण खरी जागा कळली तर दिघोऱ्यांची अब्रू जाते म्हणे. तरी माझ्या तेरवीला पंगत बसली की माझी लेक साधना हिने खरी जागा मोठ्याने सांगावी. पंगतीत एखादी तरी खाज नाहीतर गाठ लपवून बसलेली असेल, तिने ऐकावे. पोट माझे शेवटपर्यंत उत्तम होते.

कलम २. कवेलूच्या छपराचे घर आणि मागची वाडी साधनाची. घर सडकेवर आहे. नागपूरला तपासणीला जाणाऱ्या माझ्याच रोगाच्या बाया आदल्या दिवशी येऊन ओसरीत मुक्काम करतात, तो तसाच चालू राहावा. जावई सूरज यांना तिथे एसटीडी बूथ टाकायचा आहे. मी जावयाचा मान राखून नाही म्हणते.

कलम ३. डोंगा आणि मोठे जाळे खुशालला. जाळ्याला भोके आहेत. तळ्याच्या वाट्यावरून भांडण झाले तेव्हा त्यानेच ती कोयत्याने पाडली, त्यामुळे त्याला ती ओळखीची आहेत. शिवायचा दोरा देत नाही.

कलम ४. ट्यूबा. दसरू ट्रकच्या ट्यूबमध्ये हवा भरून तिच्यावर बसून तळ्यात जाळे टाकायचा. ऑपरेशननंतर मला बसता येईना. उभे राहा नाहीतर आडवे पडा, आणि नागपूर तर एसटीनेच गाठायचे. तेव्हा मला दसरूची आठवण आली. स्कूटरची छोटी ट्यूब सायकलच्या दुकानातून फुगवून घेतली आणि तिच्यावर बसून निघाले. कंडक्टरने विचारले, तळे कुठे आहे. मी म्हटले, तुझ्या गाडीची सीट शिवून घे, मग सांगते.

सिंदेवाहीला एक नीटनेटकी बाई चढली. तिने पिशवीतून ट्यूब काढून सीटवर ठेवली, लुगडे सावरले आणि बसली. मी तिच्याकडे पाहत राहिले.

“तुमची कोणत्या गाडीची?” तिनेच विचारले.

“बजाजची. तुमची?”

“लॅम्ब्रेटाची, जुनी.” मग हळूच म्हणाली, “कुठी झालं, बाई?”

“तिथीच.”

“मले बी तिथीच.”

नागभीड येईपर्यंत आम्ही हसत होतो आणि नागभीडच्या स्टँडवर मी रडले. तोवर मला वाटे, जगात ही जागा एकट्या माझीच सडली. ती सत्यशीला रामटेके, अंगणवाडीची बाई. कोमट पाण्यात किती वेळ बसायचे, पाय सुजले की पट्टी कशी बांधायची, नवरा जवळ आला तर त्याला काय सांगायचे, हे सगळे मला तिने सांगितले. यातली शेवटची गोष्ट तेवढी माझ्या कामाची नव्हती, कारण दसरू तेव्हा वर गेलेला होता. मी तिला बोलायला शिकवले. तपासताना पडद्याआड शिकाऊ डॉक्टरांचा घोळका जमला तेव्हा मी म्हटले होते, गावाकडचे कोणी राहिले असेल तर त्यालाही बोलवा, पडदा पुन्हा उघडणार नाही. दुसऱ्या खेपेला सत्यशीलाने हेच म्हटले आणि अर्धे बाहेर गेले.

पुढे आम्ही दोघी मिळून शोधू लागलो. दवाखान्यात बाक रिकामा असून जी उभीच राहते, तिला जाऊन विचारायचे. अशा आलापल्लीपासून वरोऱ्यापर्यंतच्या बाया सापडल्या. घरातल्या सगळ्या ट्यूबा त्यांच्या. जिला लागेल तिने न्यावी, पंक्चर झाली तर काढून परत ठेवावी.

कलम ५. माझा रोग आता फुफ्फुसात गेला आहे. जुनी जागा आवडली नसावी. डॉक्टरांनी हात टेकले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सत्यशीलाबद्दल. तिच्या जांघेत पुन्हा गाठ आली आहे. मशीनखाली किरणांचा शेक घेतला तर बरी होण्याची चांगली आशा आहे, असे डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या. ती म्हणते, पुरे झाले. तिचे यजमान प्रफुलभाऊ रडून थकले, मी शिव्या देऊन थकले. ती म्हणते, तुम्ही चालल्या, आता मी गाडीत कोणाच्या बाजूला बसू? याचाच मला जास्त राग येतो. मला ती जिवंत हवी आहे, मी मेल्यावरसुद्धा.

गळ्यातली सोन्याची पोत मी तिच्या नावे लिहिली होती. ती खोडून साधनाच्या नावे केली. कारण कलम सहामध्ये आहे.

कलम ६. साक्षीदारांबाबत. वामनराव म्हणतात, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. शिवाय साक्षीदार तब्येतीने धड असावा, कारण कोणी दावा लावला तर त्याला कोर्टात उभे राहावे लागते. खुशाल दावा लावणारच. त्याने एका बैलासाठी सख्ख्या सासऱ्यावर लावलेला दावा अजून चालू आहे. म्हणून एक साक्षीदार मी शेजारच्या इंदिराबाईंना घेतले आणि दुसरी सत्यशीलाला. वामनरावांनी पेन खाली ठेवले. काल सत्यशीला इथेच बसली होती.

“दुसरी कोणी पाहा, बाई,” ती म्हणाली. “माहा काय भरोसा?”

“तू मेली त खुशाल हे घर खाते,” मी म्हटले. “मंग त्या बाया उतरतील कुठी?”

ओसरीत मुलचेऱ्याची एक बाई कुशीवर झोपली होती. सत्यशीलाने तिच्याकडे पाहिले. मग उठली, ट्यूब काखेत मारली आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेली.

तरी लिहून ठेवते की तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाची सही मी घेणार नाही. ती आली नाही तर खालची जागा कोरी राहील आणि एका साक्षीदारावर हे मृत्युपत्र कच्चे ठरेल, हे वामनरावांनी मला समजावून सांगितले आहे. मला समजले आहे.

मौजा बोडीटोला, दिनांक ७ फेब्रुवारी २००४

(सही) भागीरथा दसरू दिघोरे

साक्षीदार १: (सही) इंदिराबाई गुणवंतराव शेंडे, बोडीटोला. तब्येत ठणठणीत.

साक्षीदार २: (सही) सत्यशीला प्रफुल रामटेके, अंगणवाडी सेविका, सिंदेवाही. भागीरथाबाईंनी माझ्यासमोर सही केली. कोर्टाने बोलावल्यास हजर राहीन. सोमवारपासून नागपूरला माझा शेक सुरू होत आहे, तेवढे दिवस सोडून तारीख द्यावी.