मैदानावरचं धान

बालाघाट
११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय राजेंद्र सरांना आनंदीचा जय भीम.

तुमची तब्येत बरी असेल. आम्ही घरचे सगळे बरे आहोत. मराठीत लिहितेय, कारण शाळेत बाकी सगळं हिंदीत चालायचं, पण मैदानावर तुम्ही आमच्याशी मराठीतच बोलायचात. चुका असतील, त्या पोटात घाला.

शाळेची बातमी म्हणजे, आपली खो-खोची टीम उपांत्य फेरीत हरली. मयुरी छान पळाली, पण शेवटी खांबाजवळ घसरली. नवीन सर आलेत. ते सावलीत खुर्ची टाकून शिट्टी वाजवतात. सरकारी खरेदी केंद्राने मैदानावर रचलेली धानाची पोती उचलली गेली, मैदान मोकळं झालं, पण ट्रकच्या चाकांनी पडलेले चर तसेच आहेत. आम्ही मधल्या सुट्टीत माती टाकून ते बुजवतो. प्रार्थनेच्या वेळी बातम्या अजून मीच वाचते.

रविवारी स्टेशनसमोर तुम्ही ऑटो चालवताना दिसलात. तुम्ही हाक मारली, "पोरींनो, चाला, सोडून देतो." मी घाईत होते म्हणून थांबले नाही.

घाईत नव्हते, सर. तुमच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

डिसेंबरमध्ये पेपरात आलेली ती चार ओळींची बातमी मी लिहिली होती. सामने तोंडावर आलेले, मैदानभर पोती, आणि आम्ही व्हरांड्यात सराव करत होतो. मला वाटलं, बातमी आली की दोन दिवसांत पोती हलतील. रोज पेपर वाचून मला एक कळलं होतं, की प्रत्येक बातमीत कोणीतरी मोठ्या माणसाने काहीतरी "बताया" असतं. त्याशिवाय छापतच नाहीत, असं मी धरून चालले. म्हणून तुम्ही आम्हाला सहज म्हणाला होता ते, "धानाले मैदान भेटते, पोरींले नाही भेटत," ते हिंदीत करून तुमच्या नावाने घातलं. माझं नाव कुठेच लिहिलं नाही. कागद बसस्टँडजवळच्या पेपरच्या ऑफिसात देऊन आले. छापून आली तेव्हा मी ती तीनदा वाचली, इतकी खूश होते.

पोती एक दिवसही आधी हलली नाहीत. जानेवारीत शाळेने तुम्हाला परत कामावर बोलावलं नाही. अतिथी शिक्षकाचं असंच असतं, सगळे म्हणाले, आणि मीही मान हलवली. दीड महिना मी हलवत होते.

शनिवारी शिपाई महागूकाका सहज बोलून गेले. "मी चहा घेऊन गेलतो ना. हेडमास्तरनं मोबाइलवर पेपरवाल्यानं धाडलेला त्या कागदाचा फोटो दाखवला, हे कोनाचं अक्षर म्हणून. सरनं पाह्यलं अन् म्हणाले, माहंच आहे."

सर, माझ्या वहीवर लाल पेनाने "अक्षर सुधार" असं तुम्हीच लिहिलं होतं. ते अक्षर कोणाचं, हे तुम्हाला बघताक्षणी कळलं असणार. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आम्हाला नेहमीसारखंच पळवलं. मला काही बोलला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं.

काल मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, रागावलेसुद्धा नाहीत. "अब क्या, बेटा. दूसरे सर आ गए. जाओ, क्लास में बैठो." मी जाऊन बसले. भूगोलाचा तास चालू होता. खरं सांगितलं की तुम्ही परत याल, असं मला वाटत होतं. मी मूर्ख आहे.

माफी मागत नाही. तुम्ही लगेच माफ करून टाकाल, मला माहीत आहे.

यापुढे कोणी विचारलं, तर माझं नाव सांगा. खाली पूर्ण लिहिलं आहे.

आनंदी वसंता रामटेके
नववी 'ब'