वापर : शून्य

सर, गेल्या मंगळवारी आपल्या सेंटरमधलं मशीन नेलं. पुण्याकडून ट्रेलर आला, क्रेन आली. ट्रेलर मागं घेताना कुंपणाचा एक खांब पडला. अकराच्या आत सगळं आटोपलं. शेडच्या फरशीवर आता चार बोल्ट उभे आहेत आणि मधे तेलाचा चौकोनी डाग. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळं या मशीनबद्दल तुम्हाला काही ठाऊक असायचं कारण नाही. पण हे सगळं ऐकून घेईल आणि मला मधेच गप्प करणार नाही असं दुसरं माणूस आठवेना, म्हणून लिहायला बसलेय.

तुम्ही पाटसहून यायचात. चौफुल्याला एसटी बदलून न्हावऱ्यापर्यंत, आणि तिथून आत जे मिळेल त्यानं. कधी दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे बसून, कधी कुणाच्या मोटरसायकलवर मागं. कोरडवाहू गावांतल्या पोरांनाही कारखान्यात काम मिळावं म्हणून सरकारनं हे सेंटर काढलं, असं तुम्ही पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतंत. दोन पत्र्याच्या शेड, तीन लेथ, एक ड्रिल मशीन. शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या म्हणून मी टर्नरच्या कोर्सला नाव घातलं. सतरा मुलं आणि मी. दुसऱ्याच दिवशी गरगर फिरणाऱ्या लेथकडे मी कुतूहलानं वाकले आणि तुम्ही मेन स्विच खाली ओढलात. अख्खी शेड गप्प. "ओढणी काढ. बांगड्या काढ. लेथला मुलगा-मुलगी कळत नाही, त्याला फक्त कापड कळतं." सगळ्या पोरांसमोर. मी टाकीमागं जाऊन रडले. तुम्ही आलात, पण समजूत नाही काढलीत. स्वतःचा खाकी ॲप्रन माझ्या हातात दिलात आणि परत गेलात. तो माझ्या गुडघ्याच्या खाली यायचा. दोन वर्षं मी तोच घातला.

आणि तो रांजणगावचा दिवस. मी परीक्षेत पहिली आलेय, ॲप्रेंटिसशिपचं पत्र हातात आहे, आणि कंपनीच्या गेटवरचा वॉचमन म्हणतोय, "मशीन शॉपमें लेडीज नहीं लेते." तुम्ही एकदाही आवाज चढवत नाही. पत्र दाखवता, साहेबांना फोन लावायला सांगता, आणि गेटसमोर उभे राहता. ऊन डोक्यावर येतं, कलतं. मी तीनदा म्हणते, सर, जाऊ आपण घरी. तुम्ही म्हणता, "सरकारनं पत्र दिलंय. पत्राचा अर्थ त्यांना कळेपर्यंत थांबायचं." चार वाजता एक माणूस बाहेर येतो आणि मला आत घेतो. त्या कंपनीत मी नऊ वर्षं काढली. आमच्या वस्तीतली, कांद्याच्या रानात खुरपं धरणाऱ्या आईची पोर मायक्रोमीटर धरायला लागली. पत्रावर माझा विश्वास बसला तो त्या दिवशी. आता वाटतं, तो तेवढा बसायला नको होता.

तुमच्या शेवटच्या वर्षात मी इथं शिकवायला आले. दोन लेथ एकदम लावले की शेडमधले दिवे मंद व्हायचे, आठवतं? वीजभार वाढवून मिळावा म्हणून तुम्ही किती अर्ज केलेत. प्रत्येक अर्जाच्या तीन प्रती, खाली वळणदार सही. ती फाईल तुम्ही मला दिलीत तेव्हा ती एका हातात मावत नव्हती. मीही त्यात भर घातली. तुमच्यासारखीच भाषा, "विनंती की", "कृपया सहानुभूतीपूर्वक". दिवे मंदच होत राहिले.

दोन वर्षांपूर्वी एक पत्र आलं. विकासात मागे राहिलेल्या तालुक्यांतल्या केंद्रांना आधुनिक यंत्रं देणार, म्हणजे प्रादेशिक असमतोल कमी होईल. यादीत आपलं नाव होतं. सीएनसी लेथ, सर. तुम्ही ज्याचं नुसतं वर्णन ऐकलं होतंत ते, संगणकावर प्रोग्रॅम लिहायचा आणि मशीन स्वतः कापतं. मला दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. मशीन आलं त्या दिवशी गावानं त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पुढाऱ्यांनी फीत कापली, फोटो झाले. मग सगळे गेले आणि मी भिंतीवरच्या आपल्या जुन्या मीटरकडे बघत उभी राहिले. मशीन चालवायला जेवढी वीज लागते तेवढी आपल्या तारेत नव्हती. नवा ट्रान्सफॉर्मर हवा होता. योजनेत मशीन होतं, ट्रान्सफॉर्मर नव्हता.

मी पुण्याच्या ऑफिसात किती वेळा गेले ते आता सांगत नाही. एका खेपेला तिथल्या क्लार्कनं मला बसवून घेतलं. माणूस चांगला होता, चहा मागवला. म्हणाला, "मॅडम, ट्रान्सफॉर्मरचा निधी मागास तालुक्यांना आहे. तुमचा तालुका नव्या यादीत नाही."

"मग मशीन कसं आलं?"

"ते जुन्या यादीवर."

"दोन याद्यांच्या मधे आमच्या गावात काय बदललं?"

"गावाचा प्रश्नच नाही हो. तालुका हा घटक आहे. तुमच्याकडं रांजणगाव आहे, सणसवाडी आहे, कोरेगाव भीमा आहे. सरासरी वर जाते."

मी म्हटलं, "आमच्या गावातून सकाळच्या पाळीला रांजणगावला पोचेल अशी एकही एसटी नाही." त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "खरंय. पण ते कॉलममध्ये येत नाही."

परत येताना एसटीच्या खिडकीतून कारखाने दिसत होते. हायवेच्या दोन्ही बाजूंनी एकामागं एक, पत्र्याच्या निळ्या भिंती, गेटवर ठेकेदारांच्या गाड्या. हीच ती सरासरी. न्हावऱ्याकडं रस्ता वळला, कारखाने संपले आणि मला इतका संताप आला की शेजारची बाई विचारायला लागली, "काय झालं गं बाय?" काय सांगू तिला? की आपण श्रीमंत झालो, तुला कळलं नाही का?

मशीन वर्षभर ताडपत्रीखाली राहिलं. मग मी आबांकडं गेले. गावच्या दूध डेअरीचे चेअरमन, ज्यांच्या कांद्याच्या रानात माझी आई राबली. त्यांच्या ओट्यावर बसून काही मागायचं, हे मला सोपं नव्हतं. डेअरीला दूध गार करायच्या यंत्रासाठी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आहे, आणि सकाळचं दूध गेलं की अकरा ते तीन तो जवळजवळ रिकामाच असतो. आबांनी ऐकून घेतलं. "कायद्यात बसतंय का?" मी म्हटलं, नाही. अर्ज केला होता, नाही म्हणाले. आबा म्हणाले, "माझी नात हाय की तुझ्या वर्गात. पेपरात आमचा तालुका पुढारलेला म्हनत्यात, आन् पोरगी फोटोतलं मशीन बघून शिकतीया. वड तू वायर. काय हुईल ते बघू."

सर, मी वायर ओढली. तुमच्या विद्यार्थिनीनं. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं केबलकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आबांनी त्याला जेवू घातलं आणि त्यानं पुढं काही विचारलं नाही. रोज अकराला आम्ही मशीन सुरू करायचो. चौदा जण, त्यातल्या नऊ पोरी. न्हावऱ्याकडच्या एका वस्तीवरून एक मुलगी सायकलनं येते, कमी बोलणारी. तिनं पहिला बुश कापला, अंगठ्याएवढी पोकळ नळी. पुसला, मायक्रोमीटरनं चारदा मोजला. मापात होता. तो तळहातावर घेऊन मला म्हणाली, "मॅडम, ह्ये म्या केलं का मशीननं?"

"प्रोग्रॅम कुणी लिहिला?"

"म्या."

"मग झालं तर."

ती हसली नाही. बुश परत एकदा मोजला. मला वाटलं, तुम्ही आत्ता इथं असायला हवे होतात.

पाच महिने असे गेले. मग वापराचा अहवाल मागवणारा फॉर्म आला. प्रमाणित वीजजोडणी आहे का, आणि प्रत्यक्ष वापराचे तास किती. तास लिहिले तर वीज कुठून आली ते लिहावं लागणार. म्हणजे डेअरीची वीज तुटणार, गावचं दूध नासणार, आबांवर केस. मी वरिष्ठांना फोन केला, सगळं आडून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, मी काही ऐकलेलं नाही. शून्य लिहा, सुरक्षित राहाल." आबा उलटं बोलले. "खरं लिव्ह. आमचं आमी बघू." दोन दिवस फॉर्म टेबलावर होता. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं, वापर : शून्य. शून्य बघून कुणाला तरी वाटेल की या लोकांना वीज दिली पाहिजे, असं मी स्वतःला समजावलं. उत्तर दीड महिन्यात आलं. तुमच्या एवढ्या अर्जांना आलं नाही ते या एका शून्याला आलं. यंत्र विनावापर पडून असल्यानं ते पुण्याजवळच्या केंद्रात हलवावं, जिथं त्याचा योग्य उपयोग होईल. त्या केंद्रात असली तीन मशीनं आधीच आहेत.

मंगळवारी जो अधिकारी आला तो तिशीतला, सभ्य. आबा फाटकात उभे राहिले तर त्यानं त्यांना खुर्ची दिली. म्हणाला, "आबा, मशीन धूळ खात पडण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी आलेलं बरं ना?" त्याचं काय चुकलं? त्याच्या कागदावर धूळच होती. खरं माहीत असलेला प्रत्येक जण तिथं हजर होता आणि प्रत्येक जण गप्प होता. तेवढ्यात ती मुलगी पुढं झाली. "साहेब, आमी तर—" आणि मी तिचा हात धरला. जोरात. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं. क्रेननं मशीन उचललं.

दुसऱ्या दिवशी ती आली, दिवसभर जुन्या लेथवर उभी राहिली. निघताना विचारलं, "मॅडम, तुमी माझा हात का धरला?" मी सांगितलं, आबांची डेअरी, गावाचं दूध, केस. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "व्हय. आन् आमचं?"

ती सायकलवर बसून गेली.

सर, मला तुमचाही राग येतो, हे आज लिहूनच टाकते. तुम्ही आम्हाला तीन प्रती काढायला शिकवलंत, गेटवर थांबायला शिकवलंत. चार वाजता कुणीतरी बाहेर येतं, असं तुम्ही मला दाखवलंत. पण तेव्हा निदान गेट होतं, वॉचमन होता, ज्याच्याकडं बघत उभं राहता येत होतं. सरासरीसमोर कुठं उभं राहायचं? हा असमतोल दूर करायला निघालेली माणसं वाईट नाहीत, मी भेटलेय त्यांना. चहा देतात, खुर्ची देतात. मशीनसुद्धा देतात. आणि तरी ते जिथून निघालं तिथंच परत जाऊन उभं राहतं, आणि ते का गेलं याचं कारण म्हणून माझ्या अक्षरातला एक आकडा फाईलला लागतो. त्या मुलीनं तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतंत? मी खूप विचार केला. मला वाटतं, तुम्हीही गप्प बसला असतात, आणि दुसऱ्या दिवशी नवा अर्ज लिहायला घेतला असता. मला तो लिहवत नाही.

मशीनच्या ऑर्डरखाली आणखी एक ऑर्डर होती. ते चालवायचं प्रशिक्षण घेतलेली म्हणून माझीही त्याच केंद्रात बदली. कळवायला शुक्रवारपर्यंतची मुदत आहे. मी गेले तर इथं दुसरं कुणी लवकर येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोरी विचारत नाहीत, पण वर्गात जरा जास्तच वेळेवर येतायत. आबांनी तर धरूनच चाललंय की मी नाही म्हणणार. काल म्हणाले, "तू हाईस तवर सेंटर हाय."

हे पत्र कुठं टाकणार? पाटसच्या तुमच्या खोलीत आता दुसरे लोक राहतात. पण एक गोष्ट मी आबांना सांगितलेली नाही, घरीही नाही. ती दुसरी ऑर्डर वाचली तेव्हा सगळ्यात आधी, राग यायच्याही आधी, मला बरं वाटलं होतं.