वगळलेले पाच पेपर

३ फेब्रु., मंगळ.
आज दुपारी बाराला दहा कमी असताना सगळं बदललं. मी मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसलो होतो. गौरी आली, राऊत मॅडमच्या पेपरांची यादी बघितली आणि म्हणाली, "तेजस, पाटीलचे पेपर कुठे गेले?"
"ते मॅडमचे नव्हते. काढले."
"अरे, पाटील म्हणजे मॅडमच. लग्नाआधीच्या."
मशीनवर कुणाचं तरी आधार कार्ड होतं. दोनच्या जागी वीस कॉप्या निघाल्या. मला पत्ताच नाही.

लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन. राऊत मॅडम वटारच्या. मेडिकल कॉलेजात शिकवतात, संशोधन करतात. प्रोफेसरच्या जागेसाठी फॉर्म. त्यात आजवरचे सगळे पेपर आणि प्रत्येकाची सायटेशन्स, म्हणजे पुढे किती जणांनी आपल्या पेपरात त्याचं नाव घेतलं. कुणीतरी कुठेतरी आपलं नाव घेतं, ते मोजायचं. (माझं कोण घेतं?) गौरी त्यांच्या हाताखाली काम करते, यादीचं काम तिनेच मला मिळवून दिलं. फाइलमध्ये पाच पेपर 'पाटील एस. डी.' नावाचे. वाटलं, मॅडम दुसऱ्याचा माल खपवतायत. डोकं फिरलं. कुणाला विचारलं नाही, काढून टाकले. मॅडमनी न वाचता सही केली. "तू केलंयस ना, मग झालं." रविवारी फॉर्म गेला.

४ फेब्रु., बुध.
ते पाच घेऊन घरी बसलो. एक मिठागरातल्या बायांच्या पायांवरच्या जखमांचा. बाकीच्या सगळ्यांची सायटेशन्स एकत्र केली तरी हा एकटा भारी. कुठल्या कुठल्या देशांतले लोक अजून नाव घेतायत. पाटीलचं. मॅडम तेव्हा माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील.
आईला विचारलं, तुझं जुनं नाव कुणी घेतं का आता? "घेतात की, माहेरी. आणि रेशन कार्डाच्या भानगडीत." आई आधी नाईक होती, हे मला काय माहीत नव्हतं?
या वहीच्या शेवटच्या पानावर 'गौरी तेजस म्हात्रे' आठ वेळा लिहिलंय. लग्नानंतर नाव बदलतं, हे तिथे कसं बरोब्बर सुचलं.

५ फेब्रु., गुरु.
फॉर्ममध्ये दुरुस्ती शनिवारी पाचपर्यंत चालते. पण ओटीपी मॅडमच्या मोबाइलवर येणार, म्हणजे सांगावंच लागणार. दोनदा फोन लावला, रिंग जायच्या आत कापला. कॉलेज सोडलं तेव्हा सरांच्या टेबलावर प्रॅक्टिकलचं जर्नल आपटून आलो होतो. चूक त्यांची होती तेव्हा. निदान मी तसं सांगत आलोय.
गौरीचा मेसेज: सांगितलंस?
मी: उद्या.
ती: मी नाही सांगणार. तुझं तू.

६ फेब्रु., शुक्र.
गौरी वटारहून थेट दुकानात. मॅडमच्या वाडीतली केळी. "तुला दिलीत. म्हणाल्या, मुलाने फार मेहनत घेतली." मुद्दाम सांगत होती. केळी तशीच काउंटरवर.
मग म्हणाली, तिचा पहिला पेपर याच महिन्यात जातोय. मेमध्ये लग्न. मुलगा नालासोपाऱ्याचा, बँकेत. मला डिसेंबरपासून माहीत आहे, तरी तिच्या तोंडून ऐकलं की
जाऊ दे.
"सासरचे म्हणतायत, आत्तापासूनच नवीन नाव टाक, नंतर घोळ नको. काय करू?"
"गौरी अनंत चौधरी. तेच ठेव. शेवटपर्यंत."
"बापरे. मला वाटलं, भांडशील."
"कुणाशी?"
"कुणाशीही. तुला कोणीतरी लागतंच."
पायरी उतरली, परत वळली. "आणि त्याच्या जागी तू असतास तर? तू नसतास म्हणाला, बदल?"
वही काउंटरखाली होती. मी स्टेपलरमध्ये पिना भरत बसलो. ती गेली.

७ फेब्रु., शनि.
सकाळी शेवटचं पान फाडायला घेतलं. नाही फाडलं. माझं नाव आणि आडनाव तेवढं खोडलं. गौरी राहिली, आठ वेळा.

मॅडमना फोन लावला, या वेळी कापला नाही.
"मॅडम, घरी यायचंय. यादीत माझ्याकडून चूक झालीये. फोनवर नको."
"ये. जेवायलाच ये."
त्यांना वाटतंय एखादी तारीख चुकली असेल.

पाचही पेपर पिशवीत. पहिलं वाक्य तयार आहे: मॅडम, मी तुम्हाला चोर समजलो. दुसरं नाही जमत. 'पण' ने सुरू करायचं नाही, एवढंच ठरवलंय.
पावणेबारा. पाचपर्यंत वेळ आहे, त्यांनी मोबाइल हातात दिला तर.
आई विचारतेय कुठे निघालास. वही पिशवीत टाकतो. दार ओढून घेतो.