कवेत न मावणारी तुती

तीर्थरूप मामांस,

वाकून नमस्कार (कंबर अजून तेवढी परवानगी देते). तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून तुमच्या प्रत्येक नव्या सदऱ्याच्या बाह्या आखूड करून देतात का? (सहज विचारलं.) इकडे सगळे ठणठणीत. तब्येत नाजूक आहे ती फक्त अंगणातल्या तुतीची, आणि तीही कायद्याच्या दृष्टीने.

गावसभेने झाडं वाचवण्याचा नियम करायचं ठरवलं आणि मसुदा माझ्याकडे आला (शाळेत भाषा शिकवतो, त्याची शिक्षा). ज्याचा बुंधा एका माणसाच्या कवेत मावत नाही, ते झाड कोणी तोडू नये, असं मी लिहिलं. टाळ्या पडल्या. माणूस कोणता, हे कोणीच विचारलं नाही. विचारलं ते शेजारच्या सुताराने, दुसऱ्या दिवशी सकाळी. तुती त्याच्या आणि आमच्या हद्दीवर उभी आहे. फळं त्याच्या रंधा मारलेल्या फळ्यांवर पडतात आणि जांभळे डाग काही केल्या जात नाहीत (पाळण्याला गोवर आलाय का, असं परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं). त्याला ती तोडायची आहे. आई रोज दुपारी तिच्याच सावलीत बसते. तुती गेली तर मी तुझ्या वर्गात येऊन बसेन, असं तिने मला बजावलं आहे.

सुताराने विजेच्या खांबांवर चढणारा आपला मेहुणा आणला. त्या गृहस्थाने बुंध्याला मिठी मारली आणि पलीकडे चक्क टाळी वाजवली. मी बेकरीवाल्याला आणलं. त्याचं पोट आधी पोहोचलं, हात मागे राहिले.

"पोट धरायचं ठरलं नव्हतं, मास्तर!" सुतार ओरडला.

"माणूस म्हणजे पोटासकट," मी म्हणालो.

अध्यक्षबाईंनी कपाळाला हात लावला. त्या मोजपट्टी आणा म्हणाल्या, पण नियमात मोजपट्टी नाही आणि नियम बदलणारी सभा सुगीनंतर. शेवटी ठरलं की रविवारी बाहेरगावचा, दोघांनाही मान्य असलेला एकच माणूस मिठी मारेल, आणि ती अखेरची.

सुताराने आपणहून तुम्हाला सुचवलं. आमच्या बैठकीतल्या तुमच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही मामींपेक्षा चांगले वीतभर उंच दिसता. (तुमच्या पायाखालचं खोकं चौकटीबाहेर राहिलं आहे.) मी जरा आढेवेढे घेतले, मग नाइलाजाने कबूल झालो.

मामींना नमस्कार, मुलांच्या पाठीत एकेक प्रेमाचा धपाटा.

तुमचा भाचा

ता. क. शनिवारीच या. येताना लग्नातला कोट घाला, काखेत घट्ट होतो तो.

ता. क. आईने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, झाडाला मिठी मारायला धावत येईल, बहिणीकडे मात्र इतक्या वर्षांत फिरकला नाही. तेव्हा आल्या आल्या आधी तिला भेटा. झाड कुठे जात नाही. निदान रविवारपर्यंत.