बंगल्यातला चौथा हीटर

अहो, चहा घेण्याआधी हे वाचा.

धरणाच्या सरकारी बंगल्यातले हीटर भंगारात काढायचे झालेत, असं तुम्ही साहेबांना सांगून टाकलंत. काही झालेले नाहीत. अख्खा पावसाळा खोल्या बंद, भिंतींना ओल, मग स्क्रूंवर गंज चढणारच. काल तुम्ही धरणावर होता तेव्हा मी तीन हीटर खोलले, वायरींची टोकं पॉलिश पेपरनं घासली, सगळं चुलीपुढं वाळवलं. तिन्ही लालभडक झाले. दहा वर्षं वायरमनच्या हातात पकड देतेय, एवढंही शिकले नसेन का?

चौथा, ज्याचा तुम्हाला झटका बसला आणि तेव्हापासून तुम्ही एकाही हीटरला हात लावत नाही, तोही उघडून वाळवलाय. ओलीनं पत्र्यात करंट उतरला होता, आणि अर्थिंगची वायर आत गंजून तुटलेली. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.

ती वायर मी मुद्दाम जोडली नाही. तुम्हीच जोडा. साहेब उद्या मुक्कामाला येतायत.

शेजारच्या चांगुणाला घेऊन अकोल्याच्या बाजाराला जातेय, पाचच्या एस.टी.नं येईन. बंगल्याच्या मेनचा फ्यूज काढून पदराला बांधून नेलाय. मी परत येईपर्यंत तिथं करंट येणार नाही.

— गोजर