टोमिनेने आखलेले घर

मी, गुनहिल्ड ओस्टबी, कै. नेल्स ओस्टबी यांची विधवा, वय अडुसष्ट, राहणार नॉर्डल, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसावी. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. १९३१ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात ‘मी आखलेले राहते घर’ असे शब्द होते आणि ते खोटे होते.

कलम १. एकशेसाठ एकर जमीन, गोठा, गुरे आणि सर्व अवजारे माझा मुलगा आर्थर याला. बँकेत आहे ते आधी माझ्या दफनाला लावावे. उरेल ते त्याचेच.

कलम २. शिवणयंत्र सून व्हर्ना हिला. सुई मोडेल म्हणून मी तिला त्याला हात लावू दिला नाही. सुई माझ्याच हातून तीनदा मोडली आहे.

कलम ३. शेजारी सोफस लीएन याच्यावर मी तीस वर्षे राग धरला. घर बांधत होतो तेव्हा गाडी थांबवून त्याने माझ्या नवऱ्याला विचारले होते, “काय नेल्स, बायको आता रस्त्याकडे तोंड करून भांडी घासणार का?” पुढे दोन वर्षांत त्याच्या बायकोनेही स्वयंपाकघर पुढे आणून घेतले. त्याला मी काही देत नाही, पण राग सोडते. घराविषयी राग धरायचा मला हक्कच नव्हता. का, ते खाली लिहिते.

कलम ४. हे घर माझ्या नणंदेने, टोमिने ओस्टबी हिने आखले.

जन्मापासून तिचा डावा पाय आखूड. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघर मागच्या पडवीत आणि पाण्याचा पंप अंगणापलीकडे होता. १९०६ च्या हिवाळ्यात तिने दोरीला गाठी मारून सारे मोजले: चुलीपासून पंपापर्यंत किती पावले, टेबलापर्यंत किती. मग भिंतीला लावायच्या कागदाच्या मागे पेन्सिलीने नवे घर काढले. स्वयंपाकघर पुढे, एक खिडकी रस्त्यावर, दुसरी गोठ्याकडे. पंप आत, मोरीपाशी. जेवणघराच्या भिंतीत दोन्हीकडून उघडणारे कपाट, म्हणजे भांडी घेऊन फिरायला नको. चुलीच्या भिंतीला लागून, ऊब मिळेल अशी एक झोपायची खोली. ती तिने स्वतःसाठी काढली होती. दिवाणखाना नव्हताच.

शेतकऱ्यांच्या एका साप्ताहिकाने बायकांकडून घरांचे आराखडे मागवले होते. मी तिचा कागद नकलून पाठवला, माझ्या नावाने. नकलताना झोपायच्या खोलीवर ‘दिवाणखाना’ असे लिहिले. पाद्रीबुवा आले तर त्यांना चुलीपाशी बसवायचे काय, असे मनाला समजावले. टोमिनेची खोली मी स्वयंपाकघराच्या वर, गड्याच्या खोलीच्या जागी टाकली. मागचा जिना, तेरा पायऱ्या, शिडीसारखा उभा.

अंक आला तेव्हा नेल्सने जेवताना मोठ्याने वाचला. ‘सौ. गुनहिल्ड ओस्टबी यांचे सोयीचे घर.’ तो फुलून गेला होता. टोमिनेने अंक घेतला, बराच वेळ पाहिला.

“गोठ्याकडची खिडकी उलट्या बाजूला छापलीय, वहिनी,” ती म्हणाली, आणि ताटे गोळा करू लागली.

त्या आराखड्यावरून आमच्या भागात चार घरे उभी राहिली. लांबून बायका बघायला येत. मी त्यांना कपाट दोन्हीकडून उघडून दाखवी आणि टोमिने त्यांना कॉफी देई. एकीने विचारले, “सुचलं कसं हो तुम्हाला?” मी म्हणाले, “कामातून सुचतं.” टोमिने तिथेच उभी होती. दिवाणखाना आम्ही वर्षातून चारदा उघडत असू.

एकोणीस वर्षे ती तो जिना चढली. १९२६ च्या नोव्हेंबरात, सकाळी पावाचे पीठ मळायला उतरताना, ती वरून खाली आली. मी धावले. तोंडातून निघाले, “सावकाश उतरायचं ना, वन्सं.”

फरशीवर पडल्या पडल्या ती म्हणाली, “माझी खोली खाली होती, वहिनी.”

एवढेच. त्याआधी नाही, नंतरही नाही. खुबा मोडला होता. इस्पितळातून ती इथे परतलीच नाही. गावात शिंपीण मैत्रिणीकडे तळमजल्यावर राहते.

कलम ५. घर टोमिनेला द्यावे म्हणून मी मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले.

“मला नको,” ती म्हणाली. “आर्थरची पोरं वाढतायत तिथं. माझा कागद आहे का अजून?”

“आहे. आणि घर तुमचं होतं हे मी मृत्युपत्रात लिहिणार आहे. माझ्या दफनाच्या जेवणावेळी सगळ्यांपुढे वाचायला सांगणार आहे.”

“मेल्यावर कशाला? गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका शिवणाला जमतातच की.”

त्या गुरुवारी मी उभी राहिले. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, आजचा केक फार छान झालाय, आणि खाली बसले. टोमिने समोर होती. तिने मान खाली घालून सुईत दोरा ओवला. तिला लाज वाटली असेल तर ती माझी होती.

म्हणून घर आर्थरला, या अटीवर की दिवाणखान्यातले सामान काढून तिथे पलंग टाकावा. टोमिने येवो न येवो, खोली तिची. जुना कागद माझ्या पेटीत तळाशी आहे, तो तिच्या हातात द्यावा. आर्थर, हे वाचून तू मला काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हण. पण तुझ्या बापाला यातले काही ठाऊक नव्हते.

हा मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहिला आहे आणि खालील दोघींसमोर सही करत आहे.

गुनहिल्ड ओस्टबी
नॉर्डल, मिनेसोटा, १४ मार्च १९३८

साक्षीदार: लोविसे ब्रेक्के, मथिल्डा सुंदे.

आम्ही दोघी गुरुवारच्या बायकांपैकी आहोत. वाचण्याची गरज नाही, नुसती सही चालते, असे आम्ही सांगितले होते. तरी सौ. ओस्टबी यांनी सारे उभे राहून मोठ्याने वाचले. कलम चारला आवाज गेला. पाणी प्यायल्या आणि ते कलम पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले.