माझ्या रानातले तुझे बांध

प्रिय दादा,

आणि वर पुन्हा तूच रुसायचं! माझ्या रानात मला न विचारता तीन बांध घातलेस. मी फोनवर एवढंच म्हणालो, ‘कुणी सांगितलं होतं?’ तर तेव्हापासून तुझं बोलायचं नाव नाही. रुसायचा हक्क कुणाचा, ते तरी बघ.

वाटणीत उताराचं रान मला आलं, खालचं सपाट तुला. दर पावसात माझी माती वाहून तुझ्याकडे येते. तुझं पीक कमरेएवढं, माझ्याकडे खडक उघडा. जळतोच मी, लपवू कशाला? माझ्या ताटातलं ओढून तू जेवतोस, असंच वाटायचं. तू म्हणायचास, त्या गाळाखाली तुझी रोपं गाडली जातात, वरून येणारी ओघळ तुझा बांध फोडते. मला ते रडगाणं वाटायचं. फुकटची माती मिळते आणि वर तक्रार!

आता आई काय सांगते? म्हणे, दादाने धाकट्याचं रान वाचवलं. आत्या तर त्याला दादाचं वरचं रानच म्हणायला लागलीय. कागदावर नाव माझं आणि लोकांच्या तोंडी तुझं! लहानपणी माझी सायकल तू दुरुस्त केलीस, तेव्हाही ती अशीच तुझी झाली होती.

इथे मी ट्रक धुतो. यंदाची तिसरी नोकरी, हसू नकोस. चाकांना कुठल्या कुठल्या शेतांची माती असते. परवा ती वाहून गटार तुंबलं, चिखल रस्त्यावर आला. मी मालकाला म्हणालो, चिखल ट्रकवाल्यांचा, आपला काय संबंध? तो म्हणाला, उतार कुणाच्या जागेतला? आणि गाळ अडवायला खड्डा खणायचं फावडं माझ्याच हातात दिलं. खणताना सारखा तूच डोळ्यांपुढे. रागच आला तुझा, खोटं कशाला बोलू?

तर ऐक. ओघळीपाशी चौथा बांध राहिलाय म्हणे. पावसाआधी मला काही सुट्टी मिळत नाही. पण तिथे तू एक दगडही उचलायचा नाहीस. मजूर लाव. मजुरी माझी, दगडाच्या गाडीचं भाडंही माझं. तू नुसता उभा राहून रेघ आखून दे, उतार तुला कळतो, मला नाही. कमी पडलं तर कळव, पदरचं घालू नकोस. एवढा एक तरी बांध माझा होऊ दे. अकरा हजार पाठवतोय.

तुझाच,
धाकट्या